गौरीच्या पंगतीचा प्रश्न

पत्र (थोडं आटोपशीर करून):

आम्ही मिरज तालुक्यातले. थोरलं घर आमचं, म्हणून गौरी-गणपती आमच्याकडेच बसतात. दीर-जाऊ, नणंदा, सगळे येतात. मोठा मुलगा 21 वर्षांचा, पुण्यात शिकतो. गेल्या दिवाळीत त्यानं सांगितलं, ‘‘मी कायम मुलगाच असतो असं मला वाटत नाही. कधी असतो, कधी नसतो. मला एकाच खणात कोंबू नका.’’ मला अर्धं कळलं, अर्धं नाही. यजमान तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. दीर माळकरी आहेत, एकादशी मोडत नाहीत. ते म्हणाले, हे परदेशी खूळ आहे, मोबाइलमुळे आलंय. त्यावर पोरानं मोबाइलमधूनच देवांची यादी वाचून दाखवली. विष्णू मोहिनी झाला, शंकर अर्धा बाई आहे, महाभारतात कृष्णानं बाई होऊन अरावानाशी लग्न केलं, शिवाय ग्रीकांचे आणि कुठले कुठले देव. दीर म्हणाले, ‘‘देवांनी केली ती लीला, तू केलास तर तमाशा.’’

आता श्रावणात मी शिवलीलामृत वाचत होते. सातव्या अध्यायाला तो शेजारी येऊन बसला. संपल्यावर म्हणाला, ‘‘आई, ती राणी साडी नेसलेल्या मुलाला गौर समजून पूजते, जेवू घालते. मग मी गौरीच्या जेवणाला साडी नेसून बसलो तर?’’ इतकी वर्षं पोथी वाचतेय, मला हे कधी जाणवलंच नव्हतं. दिरांच्या कानावर गेलं. असं होणार असेल तर आम्ही येणार नाही, म्हणाले. या गोष्टी खरंच आपल्या ग्रंथांत आहेत का? दिरांना काय उत्तर देऊ? आणि त्या दिवशी करू काय?

— एक आई

उत्तर:

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आहेत. मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून आहेत आणि त्यातली एक तुमच्याच पाटावर लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत बारामतीला लिहून पुरं केलं ते शके 1640 मध्ये. तेव्हापासून आपल्या आज्या-पणज्या दर श्रावणात सातवा अध्याय वाचत आल्या, नैवेद्य दाखवत आल्या आणि कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. तुम्हाला दिसलं नाही याची रुखरुख नको. पोथी वाचताना आपण पुण्य मोजत असतो, गोष्ट ऐकायला शेजारी कुणी बसलं तरच ती ऐकू येते.

पोराच्या यादीकडे आधी वळू, कारण यादीत खरं आहे तसं थोडं भेसळीचंही आहे आणि दीर नेमकं तेच धरतील. मोहिनी पक्की. समुद्रमंथनानंतर अमृत वाटायला विष्णूनं स्त्रीरूप घेतलं हे महाभारताच्या आदिपर्वात आहे, भागवताच्या आठव्या स्कंधात तर सविस्तर आहे. ते अमृतवाटप प्रवरेकाठी नेवाशाला झालं अशी आपल्याकडची श्रद्धा. तिथे मोहिनीराजाचं देऊळ आहे. देवाचं नाव राज आणि रूप मोहिनी, आणि गावाला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. गोव्यात म्हार्दोळची म्हाळसा ही म्हाळसा नारायणी, म्हणजे पुन्हा विष्णूचं मोहिनीरूपच. पोर्तुगीजांच्या काळात भक्तांनी तिला वेर्ण्याहून हलवलं, पण तिचं नारायणीपण सोडलं नाही. अर्धनारीश्वरही पक्का. घारापुरीच्या लेण्यात त्रिमूर्तीच्या शेजारीच तो उभा आहे, एका बाजूला पुरुषाची सपाट छाती, दुसऱ्या बाजूला स्तन आणि कमरेचा डौल, मागे नंदी. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेलं हे शिल्प बघायला शाळांच्या सहली जातात.

अरावानाचं मात्र पोराला दुरुस्त करून सांगा. व्यासांच्या महाभारतात इरावान हा अर्जुन आणि उलूपीचा मुलगा, तो युद्धाच्या आठव्या दिवशी अलंबुष राक्षसाकडून मारला जातो, एवढंच आहे. बळी जाण्याआधी त्याला लग्न करायचं होतं, कुणी बाप मुलगी देईना, म्हणून कृष्ण मोहिनी होऊन त्याची बायको झाला, ही गोष्ट तामिळ परंपरेतली. ती तिथे अगदी जिवंत आहे. चित्रई महिन्यात कूवागमच्या कूत्तांडवर देवळात हजारो तृतीयपंथी जमतात, त्या देवाच्या नावानं गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ती तोडून विधवेसारख्या रडतात. गोष्ट मोठी आहे, फक्त तिचं गाव निराळं आहे. ग्रीकांचा हर्माफ्रोडिटस, घोडी होऊन शिंगराला जन्म देणारा उत्तर युरोपातला लोकी, ‘पुरुषाची स्त्री आणि स्त्रीचा पुरुष करणं तुझ्या हाती’ म्हणून जिची स्तुती व्हायची ती मेसोपोटेमियाची इनान्ना, ही मंडळीही खरीच. पण मिरजेच्या पंगतीत त्यांना बोलवायची गरज नाही. तेवढ्यानं दिरांना ‘बघा, परदेशीच’ म्हणायला जागा मिळते.

आता दीर. त्यांचं वाक्य तुम्हाला लागलं हे कळतंय, पण ते हवेत बोललेले नाहीत. भागवताच्या दहाव्या स्कंधात रासक्रीडेचं वर्णन ऐकून परीक्षितीनं शुकाला विचारलं, की धर्माचं रक्षण करायला आलेल्यानं असं कसं केलं? शुक सांगतो, जो ईश्वर नाही त्यानं हे मनानंसुद्धा करू नये, रुद्राशिवाय दुसऱ्या कुणी समुद्रातलं विष प्यायलं तर तो मरेल. म्हणजे ‘देवांची ती लीला’ या म्हणण्याला दिरांच्या पाठीशी खुद्द शुकमुनी उभे आहेत. म्हणून पोराला सांगा, ‘देवानं केलं, मग मी का नाही’ हा मुद्दा सोडून दे. तो हरणारा मुद्दा आहे. शिवाय देवांच्या रूपपालटात बहुतेक वेळा काहीतरी काम साधायचं असतं. मोहिनीला असुरांना फसवायचं होतं. काम झालं, विष्णू परत विष्णू. तुमचं पोर कुणाला फसवत नाहीये.

विठोबाचंही तेच. दीर माळकरी आहेत, तेव्हा जनाबाई त्याला विठाबाई म्हणते हे त्यांना मी काय सांगावं! चोखोबांच्या बायकोच्या बाळंतपणाला देव नणंद होऊन आला आणि घरातलं सगळं उरकून गेला, हेही त्यांनी कीर्तनात ऐकलं असेल. पण तिथे विषय मायेचा आहे. ती गोष्ट ओढूनताणून तुमच्या मुलाच्या मापाची करू नका. वारकऱ्याला ते लगेच कळेल आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यालाही तो कान देणार नाही.

खरा मुद्दा असा. लीलेचा नियम देवांना लागू. पण आपल्या ग्रंथांत ज्यांचं स्त्रीपण-पुरुषपण बदललं त्यातली कितीतरी साधी माणसं आहेत. राजे, राजपुत्र, गुरुकुलातून नुकती शिकून आलेली पोरं. त्यांना लीला करता येत नव्हती. त्यांना घर होतं, आईबाप होते, प्रजा होती, लोक काय म्हणतील हे होतं. मला या गोष्टींतला बदल जितका महत्त्वाचा वाटतो, त्याहून आजूबाजूची माणसं काय करतात ते जास्त वाटतं, कारण तुमचा प्रश्नही तोच आहे.

भागवताच्या नवव्या स्कंधाचा पहिलाच अध्याय घ्या. वैवस्वत मनूला मूल नव्हतं. वसिष्ठांनी यज्ञ मांडला. मनूच्या पत्नीनं, श्रद्धेनं, होत्याला, म्हणजे यज्ञातल्या पुरोहिताला, हळूच सांगितलं की मला मुलगी हवी. झाली मुलगी, इला. मनू हिरमुसला, वसिष्ठांकडे गेला, हे असं उलटं कसं झालं म्हणाला. आणि वसिष्ठांनी देवाची प्रार्थना करून त्या मुलीचा मुलगा केला, सुद्युम्न. जरा थांबून बघा. या गोष्टीतला पहिला लिंगबदल एका बापाच्या हट्टापायी झालाय, आईची इच्छा डावलून झालाय आणि त्याला आजवर कुणी खूळ म्हटलेलं नाही.

पुढे सुद्युम्न शिकारीला गेला आणि मेरूच्या पायथ्याच्या एका वनात शिरला. त्या वनाला शंकराचा शब्द लागलेला, जो पुरुष आत येईल तो स्त्री होईल. झाला. सोबतचे सगळे झाले, घोड्याचीसुद्धा घोडी झाली. चंद्राचा मुलगा बुध तिथे भेटला, दोघांचं जमलं, त्यांना पुरूरवा झाला. आता वसिष्ठ पुन्हा धावले, शंकराला विनवू लागले. शंकरापुढे पेच पडला, कारण दिलेला शब्द मोडायचा नाही आणि वसिष्ठांचं मनही मोडायचं नाही. त्यानं तोड काढली. हा एक महिना पुरुष राहील, एक महिना स्त्री, आणि असाच राज्य करील. एकदाचं काय ते ठरवून टाक, असं त्याला शंकरही म्हणाला नाही. तुमच्या मुलाचं ‘कधी असतो, कधी नसतो’ हे वाक्य ऐकून तुम्हाला अर्धं कळलं नाही म्हणता. भागवतकारांना ते राज्य चालवण्याइतपत कळलेलं होतं.

आणि भागवत प्रामाणिक आहे. ते लगेच सांगतं, की प्रजेला हा राजा आवडला नाही. म्हणजे तुमच्या दिरांचा पूर्वजही त्या श्लोकात आहे. तरीही सुद्युम्नानं राज्य केलं. त्याच्या तीन मुलांना दक्षिणापथाचं राज्य मिळालं, आणि ते धर्मवत्सल होते असं भागवत आवर्जून नोंदवतं. इलेच्या पोटचा पुरूरवा म्हणजे चंद्रवंशाचा मूळपुरुष. त्याच्यापासून पुढे ययाती, यदू, पुरू, म्हणजे एका फांदीवर कृष्ण आणि दुसरीवर पांडव. आपले देवगिरीचे यादवही स्वतःला यदूचेच वंशज म्हणवत. एवढ्या मोठ्या वंशाची आई अशी आहे आणि तिला कुणी वंशावळीतून खोडलेलं नाही. दिरांना गोष्ट सांगायचीच झाली तर ही सांगा. कृष्णाच्या भक्ताला कृष्णाचं कूळ ऐकायला हरकत नसावी.

अनुशासनपर्वातली भंगास्वन राजाची गोष्ट मला याहूनही आवडते. ती भीष्म सांगतो, शरपंजरी पडलेला, आयुष्यभर ब्रह्मचारी राहिलेला भीष्म, यामुळे जास्तच. भंगास्वनाला शंभर मुलगे होते. इंद्राचा रोष झाला, राजा एका सरोवरात अंघोळीला उतरला तो बाई होऊन बाहेर आला. राज्य मुलांना देऊन अरण्यात गेला, तिथे एका तापसापासून तिला आणखी शंभर मुलगे झाले. त्यांनाही तिनं राज्यात आणलं, की तुम्ही सगळे माझेच, एकत्र राहा. इंद्रानं भांडण लावून दिलं, सगळे मेले. पुढे इंद्र वरमला, म्हणाला, कुठले शंभर जिवंत करू? तिनं आई म्हणून जन्म दिलेले मागितले. प्रसन्न होऊन त्यानं दोनशेही उठवले आणि विचारलं, आता तुला परत पुरुष करू का? ती नको म्हणाली. अशीच राहते. ज्याला विचारलं गेलं आणि ज्यानं स्वतः निवडलं असं हे मला आठवणारं ठळक माणूस. बाकीच्यांचं बहुतेक शापानं, वरानं किंवा अपघातानं होतं.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहिते. या कथा तुमच्या मुलाचा पुरावा नाहीत. त्याला कुणी शाप दिलेला नाही, तो कुठल्या मंतरलेल्या वनात शिरलेला नाही. त्याला आतून जे वाटतं त्याचं वर्णन यातल्या बहुतेक गोष्टी करत नाहीत. काहींत तर बायकांविषयी बरंच आडवंतिडवं लिहिलंय, तेही त्याच पानांवर आहे. समजा उद्या कुणी पंडितानं सिद्ध केलं की हा सगळा भाग प्रक्षिप्त, मागून घुसडलेला, तर काय करणार आहात? पोराला घराबाहेर काढणार? नाही ना. मग त्याला पुराणाच्या आधारावर घरात ठेवू नका. या गोष्टींचा उपयोग एवढाच, की ‘आपल्यात असलं कधी नव्हतं’ हे वाक्य तुमच्या घरात पुन्हा कुणी छातीठोकपणे म्हणू नये. तुमच्या भागात तर ते म्हणणं आणखीच अवघड आहे. डोक्यावर जग, म्हणजे यल्लम्मा देवीची मूर्ती, घेऊन, साडी नेसून जोगते, म्हणजे देवीला सोडलेले पुरुष, दारी येतात. तुमच्या सासूबाईंनी त्यांच्या परडीत पीठमीठ घातलं असेल, पायाही पडल्या असतील. यल्लम्माच्या नावानं सोडलेल्यांचं जगणं किती हालाचं असतं ते माहीत आहे, त्यामुळे त्यात भक्तिभावानं विरघळून जायचं कारण नाही. पण साडीतला पुरुष गावानं पाहिलाच नाही, असं नाही.

आता सातवा अध्याय. मुलानं त्यातलं एक नेमकं हेरलं. वेदमित्राचा मुलगा सुमेधा आणि त्याचा मित्र, सारस्वताचा मुलगा. दोघं शिकून तयार, लग्नाला पैसे नाहीत. विदर्भाचा राजा त्यांना गमतीनं म्हणतो, एकानं बाईचा वेष घ्या, नवराबायको म्हणून सीमंतिनी राणीकडे जा, ती सोमवारी दांपत्यांची पूजा करून भरपूर दान देते. पोरं नको म्हणतात, हे शास्त्राला धरून नाही म्हणतात. राजा ऐकत नाही. सीमंतिनीनं बघताक्षणी ओळखलं, हसली, आणि तरीही उमामहेश्वर मानून दोघांची पूजा केली. तिनं सोंग उघडं पाडलं नाही, पंगतीतून उठवलं नाही. तिच्या घरी, तिच्या व्रताला, कोण कोणत्या रूपात बसलंय हे तिनं ठरवलं.

दीर म्हणतील, पुढचंही वाचा, तो मुलगा वाटेत खरंच बाई झाला. झाला. सीमंतिनीच्या भक्तीचं ते सामर्थ्य होतं, असं पोथी सांगते. आपल्या पुरणावरणाच्या स्वयंपाकात तेवढं सामर्थ्य असतं तर घरातली निम्मी भांडणं केव्हाच मिटली असती. साडीनं कुणी बाई होत नाही आणि शर्टपँटनं तुमच्या मुलाचं आतलं काही बदललेलं नाही, हे दिवाळीपासून तुम्ही बघताच आहात.

मला मात्र त्या अध्यायात सारस्वत जास्त दिसतो. तो बाप. पोराची पोरगी झालेली बघून तो राजासमोर जाऊन आकांत करतो. एकुलता एक मुलगा गेला, वंश बुडाला, माझं पुढे कसं होणार? राजा ओशाळतो, देवीची आराधना करतो. देवी प्रकटते आणि सांगते, सीमंतिनीच्या हातून झालेलं मी फिरवणार नाही. ही आता सुमेधाची पत्नी होईल. सारस्वताला दुसरा मुलगा होईल. देवीसुद्धा झालेलं उलटवत नाही. बापाची भीती तेवढी ओळखते आणि तिच्यावर इलाज करते.

तुमच्या पत्रात दिरांवर पंधरा ओळी आहेत आणि यजमानांवर एक. ताई, तुमचा खरा प्रश्न दीर नाहीत. दीर वर्षातून दोनदा येतात. दिवाळीपासून ‘कामापुरतं’ बोलणारा माणूस त्याच घरात राहतो. तो रागावलाय असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं तो घाबरलाय. मुलाचं लग्न, नोकरी, गावातली नजर, आपल्यानंतर याचं कोण, हेच सारस्वताचे प्रश्न. त्यांना देवीसारखा दुसरा मुलगा देऊन गप्प करता येणार नाही, पण विचारता तरी येईल. गौरींच्या आधी एके दिवशी, पोरगं घरात नसताना, सरळ विचारा: ‘‘तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?’’ पटतंय का, मान्य आहे का, हे विचारू नका. त्याला ‘नाही’ एवढं एका शब्दाचं उत्तर येतं आणि मग तो शब्द माणूस धरून बसतो.

हे विचारायची घाई का, तेही महाभारतातूनच सांगते. द्रुपदानं शिखंडिनीला मुलगा म्हणून वाढवलं, मुलगा म्हणून दशार्णाच्या राजाच्या मुलीशी लग्न लावलं, आणि बिंग फुटल्यावर सासरा सैन्य घेऊन चालून आला. आईबाप हवालदिल. आपल्यामुळे यांच्यावर ही वेळ आली असं वाटून शिखंडिनी प्राण द्यायला रानात निघून गेली. तिथे स्थूण यक्ष भेटला आणि त्यानं स्वतःचं पुरुषपण तिला दिलं म्हणून ती वाचली. प्रत्येक रानात यक्ष नसतो. तुमचा मुलगा आज तुमच्या पोथीशेजारी येऊन बसतोय, प्रश्न विचारतोय, हे फार चांगलं लक्षण आहे. ते बंद झालं, तो खोलीत कोंडून घेऊ लागला, जेवणझोप बिघडली, तर वाट बघू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेलात तर त्याच्या मनावरचा ताण हलका करायला जा, त्याला ‘बरा’ करायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत हे मानसिक विकारांत धरलेलं नाही. आणि असं कुणाला ‘बदलवण्याचे’ उपचार करणं हे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही 2022 मध्ये डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरवलंय. कुणी बाबा-महाराज सुचवेल, त्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

राहिला गौरीचा दिवस.

आधी मुलाशी बोला. साडी नेसायचीय ती कशासाठी, हे विचारा. गौरी उभ्या करायला, सजवायला हात लावायचाय आणि त्या दिवशी त्याला तसंच वाटतंय, की काकांना दाखवून द्यायचंय? दुसरं असेल तर यंदा नको म्हणा, आणि कारणही सांगा, की सणाच्या दिवशी तुझी परीक्षा भर पंगतीत होऊ नये. पहिलं असेल तर नेसू दे. तुमचीच एखादी साधी सुती द्या, भरजरी नको. पहिल्यांदा साडी सांभाळून वाढायचं म्हणजे काय ते त्यालाही कळू दे. त्याच्याशी बोलताना ‘आलास’ म्हणायचं की ‘आलीस’, हेही एकदा विचारून घ्या. पत्रात तुम्ही ‘तो’ लिहिलंत म्हणून मीही लिहिलं. कदाचित त्याला चालत असेल, कदाचित तुम्हाला सोपं जावं म्हणून तो गप्प असेल.

मग दिरांना फोन करा, आणि तो तुम्ही करा किंवा यजमानांनी करावा, मुलानं नको. फोनवर इला नको, भंगास्वन नको, मी वर लिहिलेलं काहीच नको. एवढंच सांगा: यंदा तो साडीत असेल, तुम्ही या, आम्हाला तुम्ही हवे आहात, जेवताना त्याला कुणी बोलायचं नाही. शेवटचं वाक्य गाळू नका. दोन-चार दिवस आधी सांगितलं की माणसाला चिडून घ्यायला वेळ मिळतो आणि तो राग दारात आल्यावर बाहेर पडत नाही. पुराणांवर बोलायचंच असेल तर पुढे कधीतरी, दोघंच असताना, नवव्या स्कंधाचा पहिला अध्याय त्यांना वाचायला द्या. माळकरी माणूस भागवत परत करत नाही.

जाऊबाई नि नणंदा काय करतील याची फार काळजी करू नका. बायकांच्या पंगतीत पहिली दहा मिनिटं अवघडतात, मग कुणीतरी त्याच्या निऱ्या नीट करायला उठतेच. लहान मुलं विचारतील. त्यांना ‘त्याला आवडते म्हणून नेसलाय’ एवढं पुरतं. ती पुढच्या प्रश्नाला, म्हणजे करंज्या कुठे आहेत या प्रश्नाला, लगेच येतात.

आणि दीर नाहीच आले तर न आले. मागे फिरून मुलाला शर्ट घालायला लावू नका, नाहीतर दर सणाला हाच दर लागेल. गौरीचं ताट त्यांच्या नावानं बाजूला काढा, संध्याकाळी डबा भरा आणि यजमानांना बरोबर घेऊन तुम्ही स्वतः द्यायला जा. मुलाला पाठवू नका.